दोन जागांचा चौथरा

रेवणप्पा गवंड्याविषयी मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, की तो मेलेल्या साहेबांचे बूट मागत फिरतोय.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. बिदरजवळ विमानांचं मैदान झालं होतं आणि तिथं लांबलांबची तरुण मुलं उडायला शिकत होती. मी निजामाच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकाम खात्यात, मोजणी कारकून होतो. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचा, वहीत मांडायचं आणि खाली सही करायची, एवढंच माझं काम. पण माझी सही झाल्याशिवाय वरच्या साहेबाची होत नसे. त्यामुळे मी एकच गोष्ट कटाक्षानं पाळली होती. जे डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं मोजलं, तेवढंच लिहायचं.

एका सकाळी शिकाऊ विमान चिंताकीच्या रानात पडलं. आत दोघे होते, एक विलायती आणि एक पंजाबी. त्यांची नावं दगडावर आहेत, म्हणून इथं देत नाही. विलायती मुलाला सिकंदराबादच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. पंजाबी मुलाला इथंच अग्नी दिला आणि अस्थी रेल्वेनं त्याच्या गावी गेल्या. महिनाभरात त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं, की मैदानाच्या कडेला त्यांचं स्मारक करायचं. जागा खात्याची, म्हणून बांधकामही खात्याकडं आलं.

नकाशा मैदानाच्या कमांडर साहेबानं स्वतः काढला होता. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, पाच फूट उंच असा तांबड्या दगडाचा चौथरा. त्याच्या मधोमध काळ्या दगडाचा नऊ फुटी चौकोनी खांब. खांबाच्या डोक्यावर त्याच पडलेल्या विमानाचा पुढचा पंखा, एक पातं वाकलेलं, सापडला तसाच. आणि चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला मधोमध एक संगमरवरी पाटी, तिच्यावर दोन्ही नावं, हुद्द्यानुसार, विलायती साहेबाचं आधी. बाकी नक्षी नाही, कमान नाही, कळस नाही. मला तो नकाशा आवडला. सगळ्या रेघा सरळ होत्या आणि एका गुणाकारात चौथऱ्याचे चारशे ऐंशी घनफूट येत होते.

हे काम रेवणप्पाला मिळालं. तो मूळचा मादन हिप्परग्याचा, लिंगायत, पण पुष्कळ वर्षं बिदरजवळच्या नौबादला राहिलेला. वय साठीच्या आसपास, अंगानं सुका, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. घरं आणि विहिरी बांधायचा, त्याच्या समाजातल्या समाध्याही बांधायचा. घरात कानडी, माझ्याशी मराठी आणि साहेबाशी दक्खनी उर्दू बोले. बांधकामावर तो कधी पायात काही घालत नसे. म्हणूनच बुटांची गोष्ट लोकांना फार गमतीची वाटली.

गोष्ट पसरवली हुसेनमियाँनं. तो मैदानावरच्या मेसमध्ये साहेबांचं ताट-पाणी, कपडे-बूट बघायचा. त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, की म्हातारा दोनदा येऊन त्या दोघांचे बूट मागून गेला. "मैं बोला, नक्को अप्पा, वो सामान घर कू जाताय." एवढं सांगून तो चहा संपवून उठला. पुढचं लोकांनीच भरलं. चुना मळणाऱ्या बायकासुद्धा विचारू लागल्या, की अप्पा, बूट मिळालं का न्हाई. रेवणप्पा छिन्नीवरून नजर न काढता म्हणायचा, "मला मोठं व्हत्यात." मग हशा दुप्पट व्हायचा. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

मी त्याला आधीपासून थोडा ओळखत होतो. कुठलाही नकाशा हातात दिला, की तो उलटसुलट करून पाही आणि एकच प्रश्न विचारी, "ह्यात कोन ऱ्हानार?" एकदा त्यानं नाक्यावरची चौकी बांधली. नकाशापेक्षा दार चार इंच रुंद निघालं. मी विचारलं तर म्हणाला, नाकेदार जाड हाय. मी माझ्या पद्धतीनं ते चार इंच कापून लिहिले. त्यावर तो म्हणाला, "तुमी कापा, मुन्शीजी. नाकेदाराला कापता येत न्हाई."

स्मारकाचा नकाशा पाहिल्यावरही त्यानं तोच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, अप्पा, यात कुणी राहणार नाही, ही नुसती आठवण आहे. त्यानं नकाशा चार घड्या करून मुंडाशात खोचला आणि म्हणाला, "बरं. बगतो."

काम चांगलं चाललं होतं. तांबडा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. रेवणप्पा चिरे आणून पंधरा दिवस नुसते उघड्यावर मांडून ठेवी आणि रोज सकाळी एकेका चिऱ्यावर नखानं रेघ ओढून बघे. ज्यावर रेघ उमटेल तो बाजूला. कमांडर साहेब घाई करी. रेवणप्पा त्याला दुभाष्याकरवी दक्खनीत सांगे, की साहेब, तुमच्या पोरांना उडवायच्या आधी किती दिवस जमिनीवर ठेवता? साहेब हसायचा आणि निघून जायचा. मी अधूनमधून जाऊन उंची घेत असे, पण चौथरा पोटात कसा भरला जातोय हे मी वाकून पाहिलं नाही. ती माझी चूक. बाहेरची रेघ सरळ आहे म्हणजे आतही सगळं सरळ आहे, असं मी धरून चाललो.

चौथरा वरपर्यंत आला, आणि उद्घाटनाला सतरा दिवस उरले असताना मी शेवटची मोजणी घेतली. बाहेरून सगळं बिनचूक. बारा, आठ, पाच. सवयीनं मी चिऱ्यांचाही हिशेब घातला. आमचा चिरा दोन फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच जाड, म्हणजे बरोबर एक घनफूट. चारशे ऐंशीतून चुन्याच्या सांध्यांचे वीस वजा केले तर चारशे साठ चिरे लागायला हवे होते. खाणीतून आलेले, नखाच्या रेघेनं बाद झालेले, ढिगात उरलेले, सगळे दोनदा मोजले. चौथऱ्यात गेले होते चारशे सहा.

चोपन्न चिरे कमी होते. तुटफूट धरली तरी चार-सहाचा फरक पडतो, चोपन्नचा पडत नाही. माझ्या डोक्यात दोनच शक्यता आल्या. एक तर चिरे दुसरीकडं गेले, नाही तर आत दगडाऐवजी माती भरली आहे. दोन्हीचा अर्थ एकच होता. असं लिहून गेलं, की चौथरा पाडला जाणार, रेवणप्पाचं नाव खात्याच्या यादीतून कायमचं जाणार, आणि या वयात त्याला दुसरीकडं कुणी उभं करणार नाही. आणि मी न लिहिता सही केली, तर माझ्या वहीतलं पहिलं खोटं पान ते असणार.

दुसऱ्या दिवशी मी नौबादला गेलो. निमित्त काढलं आणि रेवणप्पाच्या घरापुढं जाऊन उभा राहिलो. तो कामावर होता. त्याच्या बायकोनं, अक्कानं, मला ओट्यावर बसवलं, ताकाचा तांब्या आणून दिला. मी ताक पीत घराच्या भिंती न्याहाळत होतो. सगळं घर मातीचं. उंबरासुद्धा लाकडाचा. मागच्या अंगणात जायला मिळावं म्हणून मी पाणी मागितलं, तिथंही चूल तीन साध्या दगडांची. जो माणूस चाळीस वर्षं दगड बसवतो त्याच्या घरात एक घडीव चिरा नव्हता. अक्का म्हणाली, "काय हरवलंय का, मुन्शीजी?" मी नाही म्हणालो आणि उठलो. त्या वेळी जी लाज वाटली ती अजून आठवते.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मग त्यालाच कामून विचारलं न्हाई?"

म्हणून विचारलं. भर दुपारी, बाकीचे जेवायला गेले असताना. मी वही उघडून आकडे वाचून दाखवले आणि म्हणालो, अप्पा, चोपन्न चिरे कुठं गेले. तो रागावला नाही. उलट खूश झाल्यासारखा दिसला. म्हणाला, "चोपन्न? मी अंदाजानं पन्नास धरलं व्हतं. या, दावतो."

तो मला चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला घेऊन गेला. तिथं खांबाच्या जागेच्या डाव्या आणि उजव्या अंगाला दोन शहाबादी फरश्या उभ्या बसवलेल्या होत्या. त्या मधल्या पाटीच्या शोभेसाठी असाव्यात असं मी समजलो होतो. त्यानं एका फरशीच्या फटीत पहार घालून ती हळूच बाजूला सरकवली. तिला चुना लावलेलाच नव्हता. आत कोनाडा होता. स्वच्छ, चौकोनी, तळाला घोटलेली जमीन, वर काळ्या दगडाच्या जाड तुळया. पलीकडच्या फरशीमागं दुसरा. दोन्हींच्या मधे, जिथं खांब येणार होता तिथं, चार फूट भरीव बांधकाम होतं.

मी खाली बसून टेप लावला. डावीकडचा साडेएकतीस इंच रुंद, उजवीकडचा साडेचौतीस. उंचीतही तसाच फरक. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "अप्पा, दोन्ही सारखे नाहीत. सूत चुकलं का?"

तेवढ्यावर मात्र तो चिडला. "सूत चुकाया मी काय कालचा हाय व्हय? त्यांचं पाय सारखं न्हवतं."

मग त्यानं सांगितलं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन. खड्डा आणि त्यातला बसायचा कोनाडा त्या माणसाच्याच पावलानं मोजतात, फुटपट्टीनं नाही. कोनाड्याची रुंदी तीन पावलं. वर चौथरा बांधतात ती गद्दुगी. आयुष्यभर त्यानं अशा कितीतरी बांधल्या होत्या. समोर चौथरा, त्यावर मेलेल्याचं नाव, असा नकाशा हातात आल्यावर आत जागा सोडायची हे त्याला कुणी सांगायला नको होतं, आणि कागदावर ती दाखवलेली नाही याचंही नवल वाटलं नाही. घराच्या नकाशात चूल कुठं दाखवतात, असं त्याचं म्हणणं. अडचण एकच होती. माणसं गेली होती, पावलं मिळत नव्हती. म्हणून बूट.

हुसेनमियाँनं बूट दिले नव्हते हे खरं. पण दुसऱ्या वेळी त्यानं पेटी उघडून धरली, आणि रेवणप्पानं प्रत्येक बुटात बांबूची कामठी घालून आतलं माप घेतलं. साडेदहा इंच आणि साडेअकरा इंच. साहेबांच्या सामानाला हात लावू दिला हे कळलं असतं तर हुसेनची नोकरी गेली असती. म्हणून लोक हसत होते तोवर रेवणप्पानं त्यांना हसू दिलं.

मी म्हणालो, पण अप्पा, ते दोघं इथं नाहीत. एक सिकंदराबादला आहे, एकाच्या अस्थी गेल्या. कुणाला बसवणार?

"ते मला काय ठावं? हितं नसतील. कवातरी त्यांचं कोनी येतील, काई आनतील. नाव लिवलं आन् आत जागा न्हाई, तर ती पाटी झाली. दुकानावर असती तसली."

मी त्याला सरळ सांगितलं, की हे मला लिहावं लागेल, आणि लिहिल्यावर काय होईल तेही. त्यानं पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "लिवा. तुमचं काम हाय. पर मुन्शीजी, दगड कमी हाय असं लिवू नका. जागा हाय असं लिवा."

मी तसंच लिहिलं. आमच्या वहीत बांधकामातून वगळायच्या भागासाठी वेगळं सदर असतं. तिथं मी दोन जागा, त्यांची मापं आणि त्यामागचं कारण उर्दूत मांडलं. कोनाडे आणि वरच्या तुळया मिळून छप्पन्न घनफूट भरत होते, त्यातून चुन्याचा वाटा वगळला की बरोबर चोपन्न चिरे. माझ्या आयुष्यात हिशेब इतका सुंदर जुळल्याचं मला आठवत नाही, आणि जुळला म्हणून इतकी भीतीही कधी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी गुलबर्ग्याहून इंजिनियर साहेब आले. हैदराबादचे, शेरवानीतले, हळू बोलणारे. त्यांनी वही वाचली, फरशी काढायला लावली, आत छडी फिरवली आणि म्हणाले, की वर पंचेचाळीस मणांचा खांब उभा राहायचा आहे, खाली पोकळी चालणार नाही. दोन्ही कोनाडे खडी-चुन्यानं भरून टाका. आणि हा मिस्त्री पुन्हा खात्याच्या कामावर दिसता कामा नये. कमांडर साहेब शेजारी उभा होता, त्याला यातलं काही नीट समजत नव्हतं.

रेवणप्पा हात जोडून उभा होता. तो म्हणाला, की साहेब, खांबाखाली पोकळी नाही. पोकळी दोन अंगांना आहे. खांब उभा करायच्या आधी त्याच्या दुप्पट वजन वर ठेवून बघा, हललं तर मी स्वतः भरून टाकीन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. इंजिनियर साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी धीर करून सांगितलं, की मधलं भरीव काम चार फूट आहे आणि खांब दीड फुटाचा. साहेबांनी क्षणभर मनात काहीतरी मांडलं आणि म्हणाले, ठीक आहे, तीन दिवस.

खांब पंचेचाळीस मण, पंखा दोन मण. दुप्पट म्हणजे चौऱ्याण्णव. दोन-दोन मण वाळूची सत्तेचाळीस पोती आम्ही खांबाच्या जागेवर रचली. सांध्यांवर मी खळीनं कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. केसाएवढी चीर गेली तरी पट्टी फाटणार. शेवटचं पोतं चढत असताना रेवणप्पानं मुंडासं काढून ठेवलं, उजवीकडची फरशी सरकवली आणि आत जाऊन मांडी घालून बसला.

गड्यांमध्ये हशा पिकला. कुणी म्हणालं, अप्पा, बूट घालून बसायचं व्हतं. इंजिनियर साहेबांनी त्याला बाहेर यायला सांगितलं, मग दरडावून सांगितलं. तो आतूनच म्हणाला, "माज्या कामाखाली मी बसायचं न्हाई तर कोन बसायचं, सायेब? पडलं तर आयतीच गद्दुगी झाली माजी."

त्यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी पोतं चढवायची खूण केली.

तीन दिवस तो सकाळी येऊन आत बसे आणि दिवस मावळायला बाहेर येई. अक्का दुपारी भाकरी घेऊन यायची, ती आतच खाई. ती फरशीशी बसून त्याला कानडीत बोलत राही. आवाजावरून ते प्रेमाचं बोलणं नव्हतं. मी दर दोन तासांनी पट्ट्या बघत होतो आणि वेळ घालून टिपत होतो. एकही पट्टी फाटली नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरली तेव्हा इंजिनियर साहेब स्वतः शेरवानी सावरत वाकले आणि आत डोकावून म्हणाले, "बड़े मियाँ, अंदर कैसा है?"

"थंड हाय, सायेब. जरा उजेड कमी हाय."

साहेब ताठ झाले आणि माझी वही मागितली. माझ्या नोंदीखाली त्यांनी एक ओळ लिहिली, की मिस्त्रीनं सोडलेल्या जागा नकाशाचा भाग समजाव्यात. यादीतून नाव काढायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही आठवण दिली नाही.

कमांडर साहेबाला दुभाष्यानं तोवर सगळं समजावून दिलं होतं. त्यानं वाकून दोन्ही कोनाडे पाहिले. मग त्यानं विचारलं, मोठा कुणाचा. रेवणप्पानं सांगितलं, पंजाबी साहेबाचा. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, की उंच तो विलायती असणार. कमांडर साहेबानं मान डोलावली. पंजाबी मुलगा सगळ्या मैदानात उंच होता, विमानात बसताना त्याचे गुडघे अडायचे, असं तो म्हणाला. मग त्यानं आपल्या नकाशावरची मधली पाटी खोडली. रेवणप्पाचं म्हणणं पडलं होतं, की ज्याचं नाव त्याच्या दारावर. तेव्हा आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच उरला नाही. दोन फरश्यांवर दोन नावं, एकाच उंचीवर, एकाच मापाच्या अक्षरांत. सुधारलेला नकाशा मी काढला. खात्याच्या दप्तरात तोच आहे.

उद्घाटनाच्या दिवशी बिगुल वाजला, बंदुकांच्या फैरी झाल्या. खुर्च्यांच्या रांगेत रेवणप्पाला जागा नव्हती. तो मागं लिंबाखाली अक्काबरोबर उभा होता. मी त्याला म्हणालो, फरश्यांना चुना लावायचा राहिलाय. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. अजून कोनी आलं न्हाई."

वर्ष-सव्वा वर्षानं एक माणूस आला. पांढरी दाढी, मोठं पागोटं, हातात कापडी पिशवी, त्या पंजाबी मुलासारखाच उंच. मैदानावरून त्याला खात्याकडं पाठवलं आणि खात्यातून माझ्याकडं. मी नौबादला निरोप धाडला. रेवणप्पा आला तो पहार घेऊनच.

म्हाताऱ्यानं दगडावरचं नाव बोटानं वाचलं. पंख्याकडं मान वर करून पाहिलं, वाकलेलं पातं पाहिलं. मग रेवणप्पानं फरशी सरकवली. मी माझ्या उर्दूत सांगितलं, की ही जागा तुमच्या मुलाच्या पावलाच्या मापानं सोडली आहे, इथं ठेवायला काही आणलं असेल तर ठेवा. त्यानं सांगितलं, की ठेवायला काही नाही, अस्थी नदीत सोडल्या. पिशवीत फक्त त्याचे स्वतःचे कपडे होते.

रेवणप्पाचा चेहरा पडला. एवढा खटाटोप करून जागा रिकामीच राहणार होती. तो फरशी परत लावायला वाकला. तेवढ्यात म्हाताऱ्यानं जोडे काढले, पागोटं दोन्ही हातांनी सावरलं, वाकून आत गेला आणि मांडी घालून बसला. डोकं तुळईला लागलं नाही, गुडघे भिंतींना लागले नाहीत. तो डोळे मिटून बसला आणि आम्ही दोघं बाहेर उभे. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. मग तो बाहेर आला, रेवणप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बराबर है, मिस्त्रीजी. अब बंद कर दो."

रेवणप्पानं त्याच दुपारी चुना कालवला आणि ती फरशी बंद केली. सांध्यावरून अंगठा इतका सावकाश फिरवला, की म्हाताऱ्याची गाडी चुकायची वेळ आली.

रेवणप्पा निजामावरच्या पोलीस कारवाईच्या आदल्या उन्हाळ्यात वारला. साधा ताप. शेवटी भेटलो तेव्हा दुसऱ्या साहेबाचं कुणी आलं का, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, नाही, विलायत लांब आहे. तो म्हणाला, "लांब हाय म्हनून न यायला काय झालं?"

कारवाईनंतर मैदान नव्या सरकारकडं गेलं. सगळ्या बांधकामांची यादी करायला एक तरुण ओव्हरसियर आला, हुशार होता. त्यानं डाव्या फरशीच्या सांध्यात नख घातलं आणि म्हणाला, हिला चुनाच नाही, काम अर्धवट राहिलंय, घालून घेऊ. मी त्याला नको म्हणालो. त्यानं कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, की हे सगळं मी यादीच्या एका रकान्यात कसं लिहू?

मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि लिहिलं. स्मारक, एक. काम पूर्ण. डावीकडची जागा रिकामी आहे, सांधा मोकळा ठेवावा. खाली सही केली.